वहिबाच्या वाळूत दोन रात्री : ओमानच्या वाळवंटात बदूंकडे पाहुणे म्हणून जाताना

मस्कतमध्ये माझी अकरा वर्षं गेली. त्या काळात पुण्या-नाशिकहून आलेल्या प्रत्येक पाहुण्याने पहिल्याच चहाला विचारलं, "वाळवंट कधी दाखवणार?" सुरुवातीला मीही त्यांना सगळे नेतात तसंच नेत असे. दुपारी चारला वाळूत शिरायचं, गाडी टेकड्यांवरून वरखाली उडवायची, सूर्यास्ताचे फोटो, शेगडीवरचं जेवण, आणि सकाळी नाश्ता उरकून परत. पाहुणे खूश असत. पण आपण कोणाच्या तरी गावाला गेलो आणि वेशीवरूनच परतलो, असं मला दर वेळी वाटायचं.

वाळवंट हे कुणाचं तरी घर आहे: बदूंचं, म्हणजे उंट-शेळ्या पाळणाऱ्या अरबी टोळ्यांचं. तिथे शेळ्यांचे गोठे आहेत, उंटांची नावं आहेत, कुठल्या झाडाखाली कोणी बसायचं याचे रिवाज आहेत. दोन रात्री काढल्या, तर हे दिसायला लागतं. एका रात्रीत दिसत नाही, म्हणून पुढचं सगळं मार्गदर्शन दोन रात्रींच्या हिशेबाने लिहिलं आहे.

हे वाळवंट नेमकं कुठलं

ओमानच्या पूर्वेला, शरकिया भागात, सुमारे १२,५०० चौरस किलोमीटर पसरलेली वाळू आहे. उत्तर-दक्षिण लांबी साधारण १८० किलोमीटर, पूर्व-पश्चिम रुंदी ८० किलोमीटर. जुनं नाव रमलत अल वहिबा, म्हणजे वहिबा टोळीची वाळू. आता सरकारी नकाशांवर आणि पाट्यांवर 'शरकिया सँड्स' लिहितात. 'शरकिया' म्हणजे पूर्वेकडची. बोलताना लोक अजून वहिबाच म्हणतात. वहिबांखेरीज इथे हिकमान, हिश्म, अल अम्र, जनबा या टोळ्याही आहेत.

उत्तरेकडच्या भागात वाळूच्या उंच रांगा दक्षिणोत्तर पसरल्या आहेत, कुठे कुठे शंभर मीटरपर्यंत उंच. दोन रांगांच्या मधे लांबलचक सपाट पट्टे आहेत. हे ध्यानात ठेवा, कारण इथलं सगळं व्यवहारज्ञान त्यातून निघतं. गाड्यांच्या वाटा, कॅम्प, बदूंच्या वस्त्या, सगळं या पट्ट्यांत आहे. पट्ट्यातून उत्तर-दक्षिण जाणं सोपं. एक रांग ओलांडून पलीकडच्या पट्ट्यात उतरणं हे मात्र अनुभवी माणसाचंच काम.

१९८६ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने इथे मोठी शास्त्रीय मोहीम नेली होती. त्यांना सुमारे दीडशे जातींच्या वनस्पती सापडल्या. वाळवंट म्हणजे ओसाड, ही आपली समजूत इथे पहिल्याच सकाळी गळून पडते.

कधी जावं

ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत. डिसेंबर-जानेवारीत दुपार आपल्या पुण्याच्या फेब्रुवारीसारखी, आणि पहाटे पारा दहा-बारा अंशांवर. मे ते ऑगस्ट पंचेचाळीसच्या वर जातो. त्या दिवसांत लहान मुलांना आणि वडीलधाऱ्यांना नेऊ नका.

तारीख ठरवताना तीन गोष्टी बघा.

पहिली म्हणजे चंद्र. घरातलं कॅलेंडर उघडा आणि अमावास्येच्या आगेमागे दोन-तीन दिवसांतली तारीख घ्या. पौर्णिमेला वाळू सुंदर दिसते, पण तारे हरवतात. मला विचाराल तर पहिल्या खेपेला अमावास्याच.

दुसरी गोष्ट रमजान. २०२६ ते २०३० या वर्षांत रमजान हिवाळ्यात, म्हणजे पर्यटनाच्या ऐन हंगामात येतो. त्या महिन्यात दिवसा उघड्यावर खाणं-पिणं वर्ज्य असतं, बहुतेक खानावळी बंद असतात, आणि बदू घरांत दिवसा पाहुण्यांना कॉफी मिळणार नाही. तुमचे दिवस थोडे असतील तर तो महिना टाळा.

तिसरी, आठवड्याचा वार. ओमानमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. गुरुवारी संध्याकाळी मस्कतहून गाड्यांची रांग लागते आणि कॅम्प भरून जातात. मंगळवारी निघालात तर दोन्ही रात्री वाळू शांत मिळते, बुधवारी निघालात तर निदान पहिली रात्र. बुधवारी निघण्यात आणखी एक फायदा आहे, तो पुढे सांगतो.

पासपोर्टपासून बिदियापर्यंत

मुंबईहून मस्कतला थेट विमानाने तीन तासांच्या आत पोहोचता येतं. ओमानचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळतो. अर्ज रॉयल ओमान पोलिसांच्या संकेतस्थळावरच करा. फी आणि नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढायच्या आधी तिथेच तपासून घ्या. चलन ओमानी रियाल. एका रियालचे दोनशेहून अधिक रुपये होतात आणि एका रियालचे हजार 'बैसे'. हा बैसा म्हणजे आपलाच पैसा. १९७० पर्यंत तिथे रुपयाच चालत होता, त्याची ही उरलेली खूण. वाळूत कार्ड चालेलच असं नाही, म्हणून एक, पाच आणि दहा रियालच्या सुट्या नोटा जवळ ठेवा.

मस्कतहून बिदबिद, मग सूरकडे जाणारा मोठा रस्ता, वाटेत इब्रा, आणि पुढे अल वासिल व बिदिया ही वाळूच्या काठावरची गावं. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, वेळ अडीच तास. रस्ता उत्तम आहे, पण वाहतूक उजव्या बाजूने चालते आणि वेग मोजणारे कॅमेरे जागोजागी आहेत. भाड्याची गाडी घेणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या.

सकाळी सातला निघा. बुधवार असेल तर इब्राला थांबा: तिथे बायकांचा बाजार भरतो. विकणाऱ्याही बायका आणि घेणाऱ्याही बायकाच. कापड, सुरमा, अत्तर, चांदी, विणलेले पट्टे. पुरुषांनी आत घुटमळू नये. बाहेरच्या भाजी-बाजारात वेळ काढावा. आमच्या घरातल्या बायकांना वाळूच्या टेकड्यांइतकाच हा बाजार लक्षात राहिला आहे.

बिदियात किंवा अल वासिलमध्ये पेट्रोल भरा, पाणी घ्या, फळं घ्या. दुपारी तीन-साडेतीनला वाळूत शिरायचं. त्याआधी जाऊन उपयोग नाही. ऊन डोक्यावर असतं आणि वाळूचे उंचसखल भाग सावलीअभावी दिसत नाहीत.

कॅम्प कसा निवडाल

कॅम्प पंचतारांकित तंबूंपासून झावळ्यांच्या साध्या खोपट्यांपर्यंत सगळ्या तऱ्हेचे आहेत. किमतीपेक्षा पुढचे प्रश्न विचारा.

मुख्य रस्त्यापासून किती आत? पाच-दहा किलोमीटरवरचा कॅम्प वडीलधाऱ्यांना सोयीचा. तीस-चाळीस किलोमीटर आतला कॅम्प शांत आणि आकाश काळंभोर, पण तिथवरचा प्रवास हाडं खिळखिळी करतो.

गावातून आत न्यायला गाडी पाठवता का? बहुतेक कॅम्प पाठवतात. साधी कार बिदियात सुरक्षित ठेवून त्यांच्या गाडीतून जाणं हाच बहुतेकांसाठी योग्य मार्ग.

जनरेटर रात्री किती वाजता बंद होतो? रात्रभर चालत असेल तर ज्या शांततेसाठी आलात ती मिळणार नाही. मोठे दिवे रात्री मालवतात का, हेही विचारा.

कॅम्प चालवणारं कुटुंब इथलंच आहे का? या प्रश्नाचं उत्तर हो असेल तर बाकी थोडी गैरसोय मी सोसतो. मालक बदू असेल तर त्याची मावशी, भाऊ, उंट, सगळे आसपासच्या पट्ट्यांत असतात आणि तुमच्यासाठी दारं उघडतात.

शाकाहारी असाल तर आरक्षण करतानाच सांगा. स्वयंपाकघरात बहुधा केरळचा, बांगलादेशचा किंवा पाकिस्तानचा आचारी असतो. डाळ, भात, भाजी, पोळी यांची अडचण येत नाही, पण आधी न सांगता गेलात तर मांसाच्या रश्श्यातलाच भात पुढे येतो.

एक सांगून ठेवतो. रात्री बेली डान्स असलेला कॅम्प असेल तर त्या नाचाचा बदूंशी काही संबंध नाही. बदूंची गाणी वेगळी. उंटावर बसून, उंटाच्या चालीच्या ठेक्यात म्हणायचं काव्य इथे आहे, त्याला तग़रूद म्हणतात. २०१२ साली ओमान आणि अमिरातींच्या वतीने त्याची नोंद युनेस्कोच्या वारशाच्या यादीत झाली. शेकोटीजवळ एखादा म्हातारा असेल तर त्याला तग़रूदबद्दल विचारा. तो लाजेल, मग एखादी ओळ म्हणेल, आणि मग कोणी थांबवेपर्यंत म्हणत राहील.

बदूंच्या घरी

हा लेख मुळात या भागासाठी लिहिला आहे.

'बदू' हा शब्द 'बादिया'वरून आला, म्हणजे मोकळं रान. गावात राहणारे ते हदर, रानात राहणारे ते बदू. पण आजचा वहिबाचा बदू वर्षभर उंटामागे फिरत नाही. त्याचं बिदियात सिमेंटचं घर आहे, पोरं शाळेत जातात, घरातला एक मुलगा सैन्यात किंवा पोलिसात असतो, आणि दारात पिकअप उभी असते. वाळूतलं घर तरीही सुटलेलं नाही. शेळ्या आणि उंट तिथे आहेत, म्हातारी माणसं तिथे आहेत, आणि हिवाळ्याच्या सुट्ट्या तिथे घालवायच्या असतात. कोकणातलं घर आणि मुंबईची खोली दोन्ही सांभाळणाऱ्या आपल्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही.

सिनेमातला शेळीच्या केसांचा काळा तंबू कॅम्पमध्ये दिसेल. इथली जुनी घरं मात्र मुख्यतः खजुरीच्या झावळ्यांची: खांब, झावळ्यांच्या भिंती, खाली चटया, भिंतींमधून वारा खेळता. आणि घराजवळ, जमेल तिथे, ग़ाफचं झाड.

ग़ाफ म्हणजे आपली शमी. दसऱ्याला जिची पूजा करतो, जिच्यावर पांडवांनी शस्त्रं ठेवली असं सांगतो, तीच. राजस्थानात खेजडी. मुळं तीसेक मीटर खोल जातात म्हणून वाळूतही ती हिरवी राहते. तिचा पाला आणि शेंगा शेळ्या-उंट खातात आणि तिच्या सावलीत बैठकी होतात. वहिबाच्या पूर्व कडेला ग़ाफचं चांगलं रान आहे. ते झाड ओळखून तुम्ही "आमच्याकडे हिची पूजा होते" असं सांगितलंत, की घरातली माणसं सरकून तुम्हाला सावलीत जागा देतात. हा माझा दर वेळचा अनुभव आहे.

आता रीतभात.

आगंतुकपणे जाऊ नका. कॅम्पवाल्याला किंवा गाडीच्या चालकाला आदल्या दिवशी सांगा, तो निरोप देईल. पुष्कळ घरं पाहुण्यांकडून ठरावीक पैसे घेतात. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही; पाणी टँकरने येतं आणि चाराही विकत घ्यावा लागतो. वेळ सकाळी आठ ते दहाची. फळं, साखर किंवा वेलची घेऊन जा. वेलची फार आवडते, कारण कॉफीत तीच लागते.

घरापासून थोड्या अंतरावर थांबून आवाज द्या: "अस्सलामु अलैकुम." आतून उत्तर आलं की चपला बाहेर काढून आत जा. उजव्या बाजूच्या माणसापासून एकेकाला अभिवादन करा. पुरुषांनी बायकांपुढे हात करू नये. छातीवर उजवा हात ठेवून मान लववली की पुरे. मांडी घालून बसा, आपल्याला ते सहज जमतं. तळपाय समोरच्याकडे येऊ देऊ नका.

मग एकमेकांची ख़बर विचारली जाते. घरचे कसे, वाट कशी होती, पाऊस कुठे पडला. ही औपचारिकता वाटेल, पण वाळवंटात पाऊस कुठे पडला यावर चारा ठरतो आणि पाहुणा हाच जुना वार्ताहर. आपण 'खबरबात' म्हणतो ती हीच. पाचेक मिनिटं हे चालू द्या, लगेच कॅमेरा काढू नका.

आधी खजूर येतो, मग कहवा. दल्ला नावाच्या चोचीच्या किटलीतून, डाव्या हाताने, फिंजान नावाच्या बिनकानाच्या छोट्या कपात. कप उजव्या हाताने घ्या. कॉफी बिनसाखरेची, फिकट आणि वेलचीच्या वासाची असते, गोडवा खजुराचा. कपात दोन-तीन घोटच ओततात. हा चिक्कूपणा नाही. भरलेला कप म्हणजे 'पिऊन निघा' असा अर्थ होतो, आणि थोडी थोडी ओतत राहणं म्हणजे 'बसा'. पहिला कप नाकारू नये. एक ते तीन कप रीतीला धरून. पुरे झालं की रिकामा कप मनगटाने दोनदा डावी-उजवीकडे हलवून परत द्या. हे मला माहीत नव्हतं तेव्हा मी कप नुसता पुढे करत राहिलो आणि घरातली आजी ओतत राहिली. शेवटी तिनेच माझं मनगट धरून कप हलवायला शिकवलं. अरबी कॉफीच्या या आतिथ्याची २०१५ साली युनेस्कोने नोंद घेतली. ओमान त्या वेळच्या नोंदीतल्या चार देशांपैकी एक होता.

बायकांच्या चेहऱ्यावर बुरक़ा दिसेल. मराठीत बुरखा म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं ते हे नव्हे. हा कपाळ, नाक आणि गाल झाकणारा, मधे उभा कणा असलेला ताठ कापडी मुखवटा आहे, आणि डोळे मोकळे असतात. ती त्यांच्या टोळीची ओळख आहे आणि त्या ती अभिमानाने मिरवतात. या घरांतला पाहुण्यांचा व्यवहार पुष्कळदा बायकाच सांभाळतात. तुमच्यासोबत स्त्रिया असतील तर त्यांना आतल्या बाजूला बोलावतील, हातावर मेंदी काढतील, मुखवटा लावून बघायला देतील. पुरुषांना जे कधीच दिसत नाही ते त्यांना दिसेल.

फोटोसाठी विचारायचं: "मुमकिन सूरा?" 'मुमकिन' आपल्याला माहीतच आहे, सूरा म्हणजे चित्र. 'ला' म्हणाल्या तर विषय तिथेच संपला. बायकांचे आणि मुलींचे फोटो लपून काढणं हा मोठा अपमान आहे. ड्रोन घरीच ठेवा. त्याला सरकारी परवानगी लागते, आणि शेळ्या-उंट बिथरतात.

चटईवर विकायला मांडलेलं असेल: विणलेले किल्लीचे गोंडे, उंटाचे पट्टे, पिशव्या, लोबानाच्या धुपाटण्या. हाताने विणलेलं ओळखायचं तर उलट बाजू बघा, गाठी आणि थोडी वाकडी वीण दिसेल. किमतीत थोडी घासाघीस चालते, पण रियालभरासाठी ताणू नका.

खजुराचा आणखी एक धागा आपल्या घरापर्यंत येतो. जून ते सप्टेंबरमध्ये बदू कुटुंबं वाळूतून काठावरच्या बागांत उतरतात, अल हुयावासारख्या ठिकाणी, खजूर काढायला. बिदियाच्या परिसरात मबसली जातीचा खजूर मोठ्या तांब्याच्या कढयांत पंधरा-वीस मिनिटं उकळतात आणि मग उन्हात कित्येक दिवस वाळवतात. याला तबसील म्हणतात. हा वाळलेला माल पिढ्यान्‌पिढ्या भारतात येतो आहे. आपण ज्याला खारीक म्हणतो ती हीच. ओटीत, बाळंतिणीच्या लाडवात, उपासाच्या ताटात जी खारीक येते, तिच्यातली काही या वाळूच्या काठावर उकळलेली असते. बिदियात विचारून एखादी बाग बघा. हंगाम नसला तरी काळवंडलेल्या चुली आणि वाळवणाची अंगणं दाखवतात.

उंट आणि वाळूतली सकाळ

दुसऱ्या दिवशी पहाटे, उजाडायच्या अर्धा तास आधी, जवळच्या रांगेवर चढा. सरळ तोंडावरून चढू नका, पाय घसरत राहतील. रांगेच्या धारेवर, जिथे वारा वाळू दाबून घट्ट करतो, तिथून अनवाणी चढा. सकाळची वाळू गार असते. वर पोहोचलात की खाली बघा: रात्रभरात कोण कोण गेलं ते लिहिलेलं असतं. किड्यांच्या शिवणीसारख्या रेघा, उंदरांच्या उड्या, कोल्ह्याची सरळ ओळ. बदू पोरं उंटाच्या पावलांवरून उंट कोणाचा ते सांगतात. तुमच्या चालकाला विचारत जा. गाडी उडवण्यापेक्षा हे सांगायला त्यालाही आवडतं.

उंट इथे एका मदारीचे आणि बहुतेक शर्यतीसाठी पाळलेले. हिवाळ्यात बिदियाच्या बाजूला शर्यती होतात. तारखा आधीपासून सांगता येत नाहीत, गावात विचारावं लागतं. उंटावर बसताना ओमानी खोगीर मदारीच्या मागे असतं, पुढे नाही. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, म्हणजे तुम्ही पुढे फेकले जाता. बसताना आधी पुढचे दुमडतो, म्हणजे पुन्हा पुढेच. दोन्ही वेळा अंग मागे टाकायचं आणि खोगिराची खुंटी धरायची. अर्धा तास पुरे. कंबरदुखी असेल तर उंटासोबत चालत जा, तेही छान असतं.

रात्री दिवे मालवल्यावर दक्षिणेकडे बघा. हिवाळ्यात मृग नक्षत्र वर येतं, त्याच्यामागून व्याध, आणि व्याधाच्या खाली क्षितिजाजवळ एक तेजस्वी तारा. तो आपला अगस्ती. बदू त्याला सुहैल म्हणतात. ऑगस्टच्या अखेरीस पहाटे सुहैल दिसला की उन्हाळ्याचं कंबरडं मोडलं, असा त्यांचा आडाखा. आपल्याकडेही अगस्तीचा उदय झाला की पावसाचं गढूळ पाणी निवळतं म्हणतात. बिदिया आपल्या नागपूरच्या किंचित उत्तरेला आहे, त्यामुळे आकाश जवळपास आपलंच. फक्त ते इथे पूर्ण दिसतं.

स्वतः गाडी घालायची असेल तर

वाळूवर गाडी चालवायचा अनुभव नसेल तर चालवू नका. भाड्याच्या गाडीचा विमा बहुधा रस्त्याबाहेर लागू होत नाही, करार वाचा. तरीही ज्यांना शिकायचं आहे त्यांच्यासाठी, अकरा वर्षांत शिकलो ते असं.

फोर बाय फोर गाडी, आणि एकट्याने कधीच नाही. किमान दोन गाड्या. सोबत फावडं, ओढायचा पट्टा, हवा मोजायचा गेज, हवा भरायचा पंप, आणि चाकाखाली घालायच्या फळ्या. माणशी रोजचं चार-पाच लिटर पाणी, वर एका दिवसाचं जास्तीचं. गाडीबाहेरच्या कोणाला तरी वाट आणि परतीची वेळ सांगून निघा.

डांबर संपलं की टायरची हवा पस्तीसवरून पंधरा ते अठरा पीएसआयवर आणा. चाक पसरतं, वजन वाटलं जातं आणि गाडी रुतत नाही. माझ्या पाहण्यातल्या रुतलेल्या दहा गाड्यांपैकी आठांची हवा काढलेली नव्हती.

वाळूत वेग सारखा ठेवायचा. दचके देऊन ब्रेक नाही, झटक्यात वळण नाही. थांबायचं तर उतारावर तोंड करून, ब्रेक न दाबता गाडी आपोआप थांबू द्यायची. टेकडीवर सरळ चढायचं आणि सरळ उतरायचं. आडवं गेलात तर गाडी उलटते. धारेच्या पलीकडे काय आहे हे उतरून, पायी जाऊन बघितल्याशिवाय माथा ओलांडू नका, कारण पलीकडची बाजू बहुतेक वेळा कड्यासारखी तुटलेली असते.

चाक जागीच फिरू लागलं की लगेच पाय काढा. आणखी जोर दिलात तर गाडी पोटावर बसते. खाली उतरा, चाकांपुढची-मागची वाळू काढा, हवा आणखी दोन-तीन पीएसआय कमी करा, आणि आल्या वाटेने मागे घ्या. एकदा मी तासभर पुढे जाण्यासाठीच झगडत होतो. चौदा-पंधरा वर्षांचा एक बदू पोरगा आला, न बोलता चारही चाकांची हवा काढली आणि गाडी मागे घेतली. पैसे घेतले नाहीत, खजूर घेतले.

गाडी बंद पडली किंवा वाट चुकली तर गाडी सोडून चालत निघू नका. गाडी लांबून दिसते, माणूस दिसत नाही. ओमानचा आपत्कालीन क्रमांक ९९९९.

आणि चाकोरीतूनच चला. टेकड्यांवर गाड्या उडवताना ग़ाफची कोवळी रोपं आणि शेळ्यांचा चारा चिरडला जातो. शेकोटीला लाकूड गावातून विकत घ्या. उभं झाड तर सोडाच, वाळलेली फांदीही विचारल्याशिवाय तोडू नका. प्लास्टिकची एकही पिशवी मागे ठेवू नका. उंट ती खातात, पोटात त्यांचा गोळा होतो आणि जनावर हाल होऊन मरतं. एक उंटीण म्हणजे एका घराची पुंजी असते.

बॅगेत काय, तब्येत कशी

सैल, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, रात्रीसाठी स्वेटर आणि कानटोपी, बायकांसाठी ओढणी, डोळ्यांना चष्मा, तोंडाला बांधायला पंचा. खिशातला दिवा. तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर. कॅमेरा झिपच्या पिशवीत ठेवा आणि वाळूत लेन्स बदलू नका. सकाळी बूट घालण्याआधी झटका, विंचू आत शिरतात.

गरोदर स्त्रिया, मणक्याचा त्रास असलेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले यांनी टेकड्यांवर गाडी उडवण्याचा प्रकार टाळावाच. चालकाला "श्वै श्वै" म्हणा, म्हणजे हळूहळू. तो ऐकतो. मधुमेहाच्या औषधांना थंडावा लागत असेल तर कॅम्पमध्ये फ्रीज आहे का, आधी विचारा.

तिसऱ्या दिवशी

नाश्ता करून नऊपर्यंत वाळूतून बाहेर पडा. बिदियात टायरवाल्याच्या दुकानात पहिलं काम हवा भरण्याचं. कमी हवेवर डांबरी रस्त्यावर वेगाने जाणं म्हणजे टायर फुटायला आमंत्रण. तिथून पाऊण तासावर वादी बनी खालिद आहे (वादी म्हणजे डोंगरातलं नदीचं खोरं). बारमाही हिरवं पाणी, खजुरीची झाडं, आणि दोन दिवसांची वाळू धुवायला डोह. पूर्ण कपड्यांत उतरायची रीत आहे. शुक्रवारी जत्रेसारखी गर्दी असते. डोंगरावर ढग दिसले तर मात्र जाऊ नका. वादीला पूर काही मिनिटांत येतो, आणि पुराच्या पाण्यात गाडी घालणं हा ओमानमध्ये गुन्हाही आहे.

एक दिवस हाताशी असेल तर पुढे सूर आणि रास अल जिन्झची कासवं. नसेल तर तिथूनच मस्कत. निघण्यापूर्वी बिदियाच्या बाजारात खारीक मिळाली तर किलोभर घ्या आणि घरी गेल्यावर आईला सांगा की ती कुठून आली.